सुती पायजमा आणि छत्रीचं कापड

आठवीत असताना मी एका हातानं पळायचे. दुसरा हात स्कर्ट धरण्यात गुंतलेला असायचा. हसनाबादच्या आमच्या शाळेत मुलींना निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज होता. स्कर्टाला चुण्या भरपूर, त्यामुळे जरा वारा आला की तो छत्रीसारखा फुगायचा. सव्वीस जानेवारीच्या झेंड्यानंतर शाळेत शर्यती झाल्या, तेव्हा मी तशीच, स्कर्ट मुठीत धरून पळाले आणि तरीही पहिली आले. बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळाली. ती घेऊन वर्गाकडे निघाले, तर पीटीच्या सरांनी हाक मारली.

"अगं, तू पळून राह्यली का स्कर्ट सांभाळून राह्यली?"

"दोन्ही, सर."

सर हसले नाहीत. "त्या हाताला सुट्टी दे. मंग बघ तुझे आठशे मीटर कसे होतात ते. पावसाळ्यात तालुक्याच्या शर्यती आहेत. मी येतो घरी गुरुजींशी बोलायला."

गुरुजी म्हणजे माझे वडील. आम्ही भावंडं त्यांना दादा म्हणायचो. तीन कोसांवरच्या एका खेड्यात ते जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते आणि रोज सायकलनं जाऊन येऊन करायचे. मुलींनी शिकलं पाहिजे यावर विहारातल्या कार्यक्रमांत ते तास-तासभर बोलत. पण सर घरी आले, चहा झाला आणि सरांनी "हाफ पँट आणि बनियन लागेल" असं म्हटलं, तेव्हा दादांनी रिकामा कप उगाच पुन्हा तोंडाला लावला.

"पळू द्या की," ते म्हणाले. "पळायला काय हरकत आहे? पण कपड्याचं जरा..."

माय चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "कपड्याचं मी बघते."

माझी माय दुसरीपर्यंत शिकलेली. आमचा दोन एकराचा काळ्या जमिनीचा तुकडा तीच बघायची, कारण दादांना शाळेतून सवड नसे. शेतात जाताना ती लुगड्यावर दादांचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायची, बटणं गळ्यापर्यंत लावून. तूर कापताना हात खरचटू नयेत आणि ऊन लागू नये म्हणून आमच्याकडच्या बहुतेक बाया असाच नवऱ्याचा सदरा घालतात. कापडाची पारख तिला बोटांना होती. बाजारात एखादं कापड दिसलं की ती ते अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळायची, मग तोंडाजवळ नेऊन त्यातून फुंकर मारायची. फुंकर पलीकडे हाताला लागली तर कापड उन्हाळ्याचं. नाही लागली तर "हे घामाला कोंडतं" म्हणून खाली ठेवायची.

दादांचा एक सुती पायजमा धुवून धुवून मऊ झाला होता. मायनं तो घेतला, गुडघ्याखाली चार बोटं मोजली आणि विळ्यानं टरकन फाडला. घरात मशीन नव्हतं, सगळं हातानंच शिवायची. दोन पायांच्या मधे तिनं एक चौकोनी तुकडा तिरपा बसवला. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली, "टांग मोठी पडाया पाह्यजे ना. न्हाईतर शिवण उसवती." मग मला ती घालायला लावली आणि खोलीत माझी कवायत घेतली.

"बैस. ऊठ. आता टांग टाक. मोठी टाक, लाजू नको, इथं कोन हाये?"

आतून घालायला मांजरपाटाची एक घट्ट बंडीही तिनं शिवली, पाठीवर आडवी पट्टी असलेली. ती माझ्या हातात देऊन माय लगेच चुलीकडं वळली. ती बंडी घातल्यावर पहिल्यांदा मी खांदे न आवळता पळाले, हे मला आजही आठवतं.

तर अशी माझी पहिली तुमान तयार झाली. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी ती घालून गावाबाहेरच्या रस्त्याला निघाले, तर हापशावर पाणी भरणाऱ्या बाया थांबून बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "का गं, गुरुजींचा पायजमा घालून कुठं निघाली?" सगळ्या हसल्या. मी इतकी जोरात पळत सुटले की सरांनी घड्याळ लावलं असतं तर त्या दिवशीच काहीतरी विक्रम झाला असता. तीन आठवडे हे चाललं. मग एके दिवशी त्याच बाईनं, "आज उशीर केला गं," म्हटलं, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचं हसायचं संपलंय.

उन्हाळा लागला. शाळेला सुट्टी असली तरी सर सकाळी सायकलवर यायचे आणि विहारापुढच्या मोकळ्या जागेपासून नदीपर्यंत आम्हा तिघी-चौघींना पळवायचे. सरांचं म्हणणं, उन्हात जितकं अंग उघडं तितकं बरं. बिनबाह्यांचं बनियन घाला. मायला ते पटेना. ती म्हणायची, "उन्हात अंग झाकलं म्हंजे गार राहतं. सरांनी कव्हा कापूस येचलाय का?" मी सरांचं ऐकलं. वैशाखातली एक सकाळ मी बिनबाह्यांच्या बनियनवर पळाले. घरी यायला नऊ वाजले. संध्याकाळी खांदे लाल झाले आणि रात्री पाठ टेकवेना.  मायनं ताकात भिजवलेलं फडकं खांद्यावर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा शेतातला सदरा माझ्यापुढं टाकला. पांढरा, विरलेला, पूर्ण बाह्यांचा, माझ्या दोन अंगांना पुरेल इतका ढगळ.

तो घालून पळाले तेव्हा कळलं. पळताना सदरा अंगापासून सुटा राहायचा, बाह्यांतून वारा आत शिरायचा आणि घामानं ओलं झालेलं कापड वाऱ्याला लागलं की पाठ गार पडायची. डोक्याला तिनं ओला रुमाल बांधला होता. सरांनी मला लांबून येताना पाहिलं आणि विचारलं, "हे काय ध्यान?" पण चार दिवसांनी बाकीच्या मुलींनाही त्यांनी बापाचा जुना सदरा घेऊन यायला सांगितलं. मायला मी हे येऊन सांगितलं, तर तिनं फक्त "हं" केलं आणि वाती वळत राहिली.

तालुक्याच्या शर्यती श्रावणात होत्या, भोकरदनला. आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला आणि शर्यतीच्या वेळीही रिपरिप सुरू होती. मैदान म्हणजे चिखल. पहिला फेरा मी पुढे होते. दुसऱ्या फेऱ्यात तुमान ओली होऊन जड झाली, मांड्यांना चिकटली, आणि नाडी भिजून सैल पडली. शेवटचे शंभर मीटर मी पुन्हा एका हातानं पळाले. दुसऱ्या हातात कमरेची तुमान. दुसरी आले. तालुक्यातून दोघींना जिल्ह्याला पाठवायचं होतं म्हणून निभावलं.

घरी आल्यावर दादांनी विचारलं, "कितवी?" मायनं विचारलं, "कुठं चिकटली? म्होरं का मागं?" मग तिनं मला उभं करून सगळं विचारून घेतलं. पाणी आधी कुठं धरलं, नाडी कधी सैल झाली, चिखलाचं ओझं किती झालं. सगळं ऐकून म्हणाली, "सूत पानी पितं. पावसाला सूत उपेगाचं न्हाई."

दोन-तीन दिवस ती घरातलं प्रत्येक कापड हातात घेऊन बघत होती. टेरिकॉटच्या सदऱ्याचा तुकडा, साखरेच्या पोत्याचं आतलं अस्तर, काय काय. एका दुपारी मी शाळेतून आले तर दोरीवर भिजवलेले दोन तुकडे लटकत होते आणि ती खाली बसून त्यांच्याकडे बघत होती. एक पायजम्याचा, त्यातून थेंब टपकत होते. दुसरा काळा, तो केव्हाच कोरडा झाला होता.

"हे कशाचं गं माय?"

"गप बस," ती म्हणाली. "तुझ्या दादाला सांगू नको."

नवी तुमान काळी होती. पाण्याचा थेंब पडला की त्यावरून घरंगळून जायचा. कमरेला आणि आसनाला मायनं आतून सुती पट्टी लावली होती, काचू नये म्हणून. पळताना सळसळ आवाज यायचा. वजन तर काहीच नव्हतं. मी ती घालून अंगणात उड्या मारत होते तेव्हाच दादा घरात काहीतरी शोधत बाहेर आले.

"अगं, माझी जुनी छत्री कुठाय? ती नायलॉनची. दोन काड्या तुटल्यात, दुरुस्तीला टाकायची होती."

मायनं माझ्याकडे बोट केलं. "ती काय, म्होरं उड्या मारती."

दादा माझ्याकडे बघत राहिले. मी उडी मारायची थांबले. पाऊस अंगणात भुरभुरत होता आणि दादांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "काड्या तरी ठेवल्या का?"

"ठेवल्या की. वालाच्या येलाला लावल्यात."

त्यानंतर तो पावसाळाभर दादा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शाळेला गेले. मास्तर माणूस, पण त्यांनी एकदाही त्यावरून मला बोल लावला नाही. दिवाळीला त्यांनी नवी छत्री आणली आणि आणल्या आणल्या खुंटीला अडकवून मायला सांगितलं, "ही माझी आहे."

मग थंडी आली. मला वाटलं, थंडीत काय, स्वेटर घातला की झालं. बाजारातून आणलेला लोकरीचा लाल स्वेटर मी अंगात अडकवला आणि पळायला गेले. निघताना इतकं उबदार वाटलं! पाव कोस गेल्यावर अंगातून घाम निथळायला लागला, आणि परत येताना तोच घाम गार झाला. दुसऱ्या दिवशी ताप. तीन दिवस अंथरुणात. माय उशाशी बसून म्हणाली, "आमी तुरीला जातो तव्हा बघितलं न्हाई का? घरून निघताना समद्या शाली गुंडाळून निघतात. तिसऱ्या तासाला बांधावर शालींचा ढीग. निघताना जरा थंडी वाजली पाह्यजे. घरातच ऊब आली तर वाटंत वझं होतं."

ताप गेल्यावर तिनं मला तसं करून दाखवलं. आत सुती बंडी, वर सदरा, त्यावर तिची जुनी शाल कापून केलेली बिनबाह्यांची बंडी, जी पळता पळता काढून कमरेला बांधता येईल. सरांनी त्यात एक भर घातली. सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा कागद ठेवायचा, म्हणजे समोरचा वारा आत शिरत नाही. मायला हे फार आवडलं. "सर हुशार हायेत," ती म्हणाली. उन्हाळ्यातलं सगळं तिनं तिथंच माफ करून टाकलं.

जिल्ह्याची शर्यत त्याच थंडीत होती, जालन्यात, शहराच्या नवीन जालना भागात. जालना जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षंच झाली होती. आधी मोठ्या शर्यतींना औरंगाबादला जावं लागायचं, आता जालन्याला. आम्ही पहिल्या एसटीनं निघायचं ठरलं होतं. आदल्या दिवसापासून अवकाळी आभाळ भरून आलेलं. माय पिशवी भरताना दारातून दोनदा वर बघून आली आणि दोन्ही तुमानी ठेवल्या. "तिथं गेल्यावर आभाळ बघ आन मंग ठरव," ती म्हणाली. "जल्दी करू नको."

आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा भुरभुर सुरू होती आणि बोचरा वारा होता. मी आभाळ बघितलं. काळंकुट्ट. काळी तुमान घातली. कपडे बदलायला शाळेच्या मागच्या खोलीत गेले होते, तिथून बाहेर येताना पाण्याच्या टाकीमागं एक मुलगी रडताना दिसली. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा उंच, काटकुळी. कुंभार पिंपळगावहून आली होती. त्यांच्याकडे मुलींनी सलवार-कमीज घालूनच पळायचं असं ठरलेलं होतं. एसटीतून उतरताना तिचा पाय घसरून ती डबक्यात पडली होती आणि सलवार गुडघ्यापासून घोट्यापर्यंत फाटली होती. दुसरा कपडा नव्हता. तिच्या बाई सेफ्टी पिना शोधायला गेल्या होत्या.

"पिनांवर कशी पळशील?" मी म्हटलं.

"मंग काय करू? परत जाऊ का?" ती म्हणाली.

मी पिशवीतून सुती तुमान काढून तिला दिली. तिनं ती उलटीसुलटी करून बघितली, मधला चौकोनी तुकडा बोटानं चाचपला आणि पटकन आत जाऊन घालून आली. बाहेर येऊन तिनं मला मिठी मारली. आमच्या सरांनी हे लांबून बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम फुलला.

शर्यत नऊला होणार होती. पण प्रमुख पाहुणे आले नाहीत. आम्ही रांगेत उभे राहिलो, बसलो, पुन्हा उभे राहिलो. दहा वाजले, साडेदहा झाले. तेवढ्यात वारा फिरला आणि आभाळ फाटत फाटत मोकळं झालं. थंडीतलं असलं तरी जालन्याचं ऊन ते. अकरा वाजता पाहुणे आले तेव्हा मैदानातून वाफ निघत होती. माझी तुमान आतून घामानं मांड्यांना चिकटायला लागली होती. माझ्या शेजारी ती मुलगी माझ्या मायनं शिवलेल्या मऊ, कोरड्या तुमानीत पाय ताणून बघत होती.

"किती हलकी हाय गं," ती मला म्हणाली. "काही घातलंय असं वाटतच न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. बदलून घेऊ का, एवढंच म्हणायचं होतं. ती नाही म्हणाली नसती. आणि तुमान माझी होती. पण ती माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या तोंडून निघालं, "हो, माझ्या मायनं शिवलीय."

पहिला फेरा आम्ही बरोबरीनं पळालो. दुसऱ्या फेऱ्यात माझ्या मांड्या काचायला लागल्या. प्रत्येक पावलाला ते कापड कातडी ओढत होतं. ती पुढे गेली. तिचे पाय मला मागून दिसत होते, लांब लांब पडत होते, आणि मधला तो तिरपा चौकोन प्रत्येक टांगेला उघडत होता, मिटत होता. ती पहिली आली. मी दुसरी. पुढे विभागाच्या शर्यतीला फक्त पहिलीला पाठवणार होते.

बक्षिसानंतर ती तुमान काढून, घडी घालून माझ्याकडे घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे. विभागाला लागेल तुला." हे ऐकून सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रार्थनेत त्यांनी सगळ्यांसमोर माझी गोष्ट सांगितली. प्रतिस्पर्ध्याला आपला कपडा देणारी मुलगी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत उभी होते. सगळ्यांना वाटलं लाजतेय.

मला जे ठाऊक होतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी तिला चांगली तुमान दिली नव्हती. त्या सकाळी आभाळ काळं होतं, पावसात सूत जड होतं हे मला भोकरदनला कळलेलं होतं, आणि म्हणून जी कमी पडेल ती मी दिली होती. देताना मनात हे अगदी स्पष्ट होतं. ऊन पडलं नसतं तर ती चिखलात माझ्यामागं राहिली असती आणि तरीही सरांनी मला असंच शाबास म्हटलं असतं. ती तुमान तिला ठेवून घे म्हटलं, तेही चांगुलपणानं नव्हे. घडी घातलेली ती माझ्याच्यानं हातात घेववत नव्हती.

हे मी फक्त मायला सांगितलं. ती शेतात हरभऱ्याचा शेंडा खुडत होती. मी बांधावर बसून सगळं बोलले आणि रडले. ती खुडत राहिली. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा:

"मंग तिला कशी झाली? पायात अडकली का?"

"न्हाई."

"उसवली का कुठं?"

"न्हाई. बराबर झाली."

तिनं ओटीतला हरभऱ्याचा पाला टोपलीत टाकला. मग म्हणाली, "आभाळ कोनाला कळतं, बाई? मला तरी कुठं कळलं? म्हनून तर दोन्ही घातल्या पिशवीत." थोड्या वेळानं, दुसऱ्या ओळीला लागल्यावर, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "पन देताना मनात जे आलं ते ध्यानात ठेव. कुनाला सांगू नको, पन ध्यानात ठेव."

तिनं मला माफ केलं की रागावली, हे मला त्या वेळी कळलं नाही. घरी आल्यावर तिनं दादांचा दुसरा पायजमा काढला आणि गुडघ्याखाली चार बोटं मोजायला लागली. दादा कॉटवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. "आधी एक पायजमा, मंग छत्री, आता हा दुसरा. पुढच्या वर्षी मला शाळेत काय घालून जायचं ते सांगून ठेवा."

पुढच्या वर्षी मी दहावीत होते. दादा म्हणाले, अभ्यास सांभाळून पळायचं असेल तर पळ. जिल्ह्याच्या शर्यतीला मी पुन्हा जालन्यात गेले. या वेळी आभाळ निरभ्र होतं, ठरवायला काही नव्हतं. मैदानावर मी त्या मुलीला शोधत होते, तर एकदम तिघी दिसल्या. तिघींच्याही अंगात गुडघ्याखाली चार बोटांची पांढरी तुमान. तिनं मला ओळखलं आणि पळत आली. तिच्या आईनं मायची तुमान उसवून, तिचे तुकडे मांडून, माप घेऊन नव्या तीन शिवल्या होत्या आणि जुनी पुन्हा होती तशी जोडून ठेवली होती.

"तो मधला चौकोन कसा बसवायचा ते आईला दोन दिवस कळंना," ती म्हणाली. "तिरपा हाय ना तो."

आम्ही चौघी एकसारख्या तुमानींत रेषेवर उभ्या राहिलो. लोकांना वाटलं एकाच शाळेच्या. त्या वर्षी मी पहिली आले, ती तिसरी. तिच्या शाळेतली धाकटी पोरगी दुसरी. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तीही हसत होती, पण पायाला मुरगळ होती तिच्या, ते नंतर कळलं. तिची माझी ती शेवटची भेट.

मायला मी तीन तुमानींचं सांगितलं. ती चूल पेटवत होती. फुंकणी खाली ठेवून ती हसायला लागली, इतकी की धूर डोळ्यात गेला. "म्हंजे माझा पायजमा पार अंबडच्या पल्याड गेला की," ती म्हणाली. मी आतापर्यंत मिळवलेल्या कुठल्याच बक्षिसाला ती अशी हसली नव्हती.

विभागाच्या शर्यतीत मला जिल्ह्याकडून चकचकीत पिवळा गणवेश मिळाला. जाड नायलॉनचा, सगळ्यांना एकाच मापाचा. स्वतःचे कपडे घालायची परवानगी नव्हती. मी फुंकर मारून बघितली, पलीकडे काही लागलं नाही. औरंगाबादच्या उन्हात त्यात पळून मी शेवटून दुसरी आले. माझं मोठं पळणं तिथं थांबलं. पुढे बारावी, मग डी.एड., मग शिक्षिकेची नोकरी. लग्न झालं आणि नवीन जालन्यात स्टेशनाच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहायला लागलो. वीसेक वर्षं मी पळाले नाही. एसटी पकडायला पळाले तेवढंच.

चाळिशीच्या जवळ आल्यावर डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि मी पुन्हा सकाळी बाहेर पडायला लागले. आधी साडीत, मग पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी कमरेला बांधून. एकदा यजमान म्हणाले, "दुकानात जाऊन नीट काहीतरी घे की." दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुकानात भिंतभर ट्रॅक पँट टांगल्या होत्या. पोरगं सांगत होतं, ही घाम शोषते, ही वारा अडवते, ही पावसाची. मी ऐकून घेतलं आणि एक सुती घेतली, जरा ढगळ.

दादा गेल्यानंतर माय हिवाळ्याचे दोन-तीन महिने आमच्याकडे राहायला यायची. साठी उलटलेली, गुडघे दुखायचे, पण बसून राहणं तिला जमायचं नाही. एका सकाळी मी निघाले तर म्हणाली, "मी बी येते, तुझं मैदान बघाया." रस्त्यात ऑटो, बियाण्यांच्या कंपन्यांचे बोर्ड, दूधवाल्यांच्या मोटारसायकली. ती माझं कोपर धरून चालत होती आणि प्रत्येक बोर्ड वाचायचा प्रयत्न करत होती. मैदानावर तिला मी कठड्यावर बसवलं आणि पळायला लागले.

दुसरा फेरा घेऊन आले तर कठड्यावर ती नव्हती. बघितलं तर मैदानाच्या कडेनं, लुगड्याचा काष्टा वर खोचून, ती एकटी चालत होती. हळू, पण हात हलवत. मी शेजारी जाऊन पळायची थांबले.

"तू पळ," ती म्हणाली. "माझ्यासंगं चालून काय मिळतंय तुला? मी एक फेरा घेते आन बसते."

तिनं तो फेरा पुरा केला. वीस मिनिटं लागली. घरी आल्यावर गुडघ्याला तेल लावता लावता तिनं मैदानाला किती पावलं झाली ते सांगितलं. मोजली होती तिनं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून दिवा लावला, तर ती आधीच आंघोळ करून दाराशी उभी होती.